वाचकांचे प्रश्न : बीव्हरचं धरण आणि आपला ओढा

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये बीव्हरच्या धरणामुळे शेतात पाणी शिरलं तर तिथले लोक काय करतात? आपल्या ओढ्यांना त्यातून काही घेता येईल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बीव्हर हा ओढ्यावर काटक्या-चिखलाचं धरण बांधणारा प्राणी. फरसाठी त्याची इतकी शिकार झाली की स्कॉटलंडमधून बीव्हर नाहीसा झाला होता. २००९ मध्ये तिथल्या नॅपडेल भागात सोडलेली बीव्हरची कुटुंबं नॉर्वेहून आणली.

धरण फोडून उपयोग नाही. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर ते पुन्हा बांधायला घेतो. त्याऐवजी धरणातून साधारण फूटभर व्यासाचा पाइप आरपार घालतात. पाइप ज्या उंचीवर, तेवढंच पाणी साठतं. तळ्यातलं टोक धरणापासून लांब, पाण्याखाली, जाळीच्या ऐसपैस पिंजऱ्यात हवं. पिंजरा लहान असेल तर तोंडाशी ओढ जाणवते आणि बीव्हर तिथे चिखल-काटक्या कोंबतो. माणूस आणि प्राणी दोघांचंही भागवणारा हा उपाय आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मुळशीच्या ओढ्यात बीव्हर आणायचा नाहीच. पाणी अडवायला आपला वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोण्यांचा तात्पुरता बांध, आहे. पाऊस ओसरला, पण ओढा वाहता आहे, तेव्हाच बांधा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने पाऊणच भरा, तोंडं शिवा, विटांसारखे सांधे चुकवून रचा. गच्च भरलेल्या गोण्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, फटींतून पाणी जातं. माथा मध्ये थोडा खाली ठेवा, नाहीतर पाणी काठ पोखरतं.