वाचक विचारतात : बॅगा, बोल्ट आणि कुलूप

प्रश्न : माझ्याकडे ३५० सीसीची बुलेट आहे. मागं दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅगा घेतल्या आणि सीटवरून पट्टे टाकून बांधल्या. जोतिबाला जाऊन येईपर्यंत उजवी बॅग खाली आलेली असते. आणि बिंदू चौकात गाडी लावून अंबाबाईला गेलं की हात जोडलेले देवीपुढं, जीव बॅगेत. कुलूप कसलं लावू?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कुलपाचं नंतर, आधी बॅग खाली का येते ते बघू. उद्यमनगरात वेल्डिंगच्या टेबलाशी माझी तीस वर्षं गेली. बॅग चोरली म्हणून माझ्याकडं आलेली गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजावीत. वाटेत पडली, चाकात गेली, सायलेन्सरला चिकटली, ही रड मात्र दर पावसाळ्यात.

त्या रडणाऱ्यांत मी पण आहे. एका जुलैत मंडळींना मागं बसवून मालवणला मेहुणीकडं निघालो. गगनबावड्यापर्यंत सगळं झ्याक. करूळ घाट उतरताना जळका वास यायला लागला, मला वाटलं ब्रेक तापले. वैभववाडीत चहाला थांबलो आणि बघतोय तर उजव्या बॅगेचा नायलॉनचा पट्टा वितळून सायलेन्सरवर डांबरासारखा बसलेला. बॅगेच्या बुडाला मुठीएवढं भोक, आणि मेहुणीसाठी घेतलेली दोन किलो कांदा-लसूण चटणी घाटभर सांडत आलेली. "कोकणातल्या रस्त्याला आज चव आली असेल," एवढंच मंडळी बोलल्या. पुढं कणकवलीपर्यंत काही नाही.

चूक माझीच. रिकाम्या बॅगा बांधून अंतर बघितलं होतं. भरल्यावर बॅगेला पोट सुटतं, पट्टा ताणतो, आणि नुसता सीटवरून टाकलेला पट्टा जड बाजूला घसरत राहतो. म्हणून दोन्ही बॅगा भरून आधी घरच्या काट्यावर वजन करा, मगच बांधा. जड वस्तू तळाला आणि पुढच्या अंगाला. सायलेन्सर आणि बॅगेचं बूड यांच्यामध्ये चार बोटं आडवी गेली पाहिजेत. सीट निघत असेल तर पट्टा सीटच्या खालून घ्या. घसरणं निम्मं तिथंच थांबतं, आणि सीटला किल्ली असेल तर पट्ट्यालाही आपोआप पहारा मिळतो.

खरं औषध म्हणजे सॅडल स्टे. बॅग चाकाकडं झुकू नये म्हणून बाजूला बसवतात ती सळईची चौकट. तयार मिळते, उद्यमनगरात कुणीही वाकवूनही देईल. फक्त ती तीन ठिकाणी धरलेली आहे का बघा. दोन बोल्ट वर आणि खाली आधार नाही, अशी चौकट खड्ड्यागणिक हलते आणि एक दिवस वेल्डिंगच्या कडेला तडकते. तडा आधी रंगात दिसतो, केसाएवढी गंजकी रेघ. ती दिसली की बॅग उतरवा, 'गोव्याहून आल्यावर बघू' म्हणू नका.

बोल्टचं एक सांगतो, फिटर लोक इथंच घाई करतात. चौकटीची पट्टी मध्ये आली की कंपनीचा मूळ बोल्ट तेवढ्यानं आखूड पडतो. दोन-चार आट्यांवर नट धरतो, वरून घट्टही वाटतो. तसं चालवू नका. डोक्यावर ८.८ असा ताकदीचा आकडा असलेला लांब बोल्ट घ्या, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सैल न होणारा) लावा, नटाबाहेर दोन आटे दिसू देत. शंभर किलोमीटरनंतर पाना परत एकदा फिरवा.

चौकटीला जागा हवी म्हणून काही जण साडीगार्ड काढून टाकायला सांगतात. काढू नका. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्या चाकाला तरी आडोसा हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. मागचे इंडिकेटर आणि नंबरप्लेटही बॅगेमागं लपू देऊ नका.

आता कुलूप. कापडी बॅगेच्या चेनला नुसतं कुलूप लावून भागत नाही. घरी एकदा करून बघा : चेनच्या दातांत बॉलपेनचं टोक खुपसलं की चेन मधूनच उसवते, आणि कुलूप लावलेले दोन्ही रनर तसेच एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवले की पुन्हा जशीच्या तशी बंद. तुम्हाला कळतसुद्धा नाही. म्हणून दोन्ही रनर एकत्र करून ते बॅगेच्या कडीलाही कुलपानं अडकवा. रनर हलले नाहीत तर उसवलेली चेन निदान उघडी राहते, चोरी दिसते. मग प्लॅस्टिकचं कव्हर असलेली वायर रोप दोन्ही बॅगांच्या मुठींतून आणि चौकटीतून ओवून तिला एक कुलूप. चौकटीचे बोल्ट ॲलन कीचे, म्हणजे डोक्यात सहा कोनी खड्डा असलेले, असतील तर त्या खड्ड्यात सायकलचा छर्रा बसेल तेवढा टाका आणि वर मेणबत्तीचं मेण ओता. तुम्हाला काढायला पाच मिनिटं लागतील, चोराकडं तेवढी नसतात.

ब्लेडपुढं कापड टिकत नाही, हे मात्र धरून चाला. बॅगेत रेनकोट, पंक्चरचं सामान, पाने. पैसे, मोबाइल, कागदपत्रं अंगावर. अंबाबाईला जाताना तर बॅगा घरीच काढून ठेवा की, राजारामपुरीपासून अंतर ते किती!

प्रश्न : गाडीला पत्र्याचे साइड बॉक्स आहेत. पावसाळ्यात किल्ली अडकते. तेल सोडलं तर पंधरा दिवसांनी आणखीच घट्ट होते.
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : इंजिन ऑइल सोडलं असणार. त्याला धूळ चिकटते आणि आत चिखल होतो. गंज सोडवायचा पातळ स्प्रे मारून, किल्ली आत-बाहेर करून घाण काढा आणि दिवसभर वाळू द्या. मग किल्लीच्या दातांवर शाळेची पेन्सिल चांगली काळी होईपर्यंत घासा आणि दहा-बारा वेळा फिरवा. वरून जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा एका स्क्रूवर झाकणासारखा लटकवा. आणि अडकलेली किल्ली पकडीनं पिळू नका, मोडलेला तुकडा काढायला शेवटी बॉक्सचं कुलूप ड्रिल करावं लागतं.