सबमिट केल्यानंतरचा प्रोग्रॅम

तुझं पत्र वाचलं. तीन प्रोग्रॅमिंग भाषांचे कोर्स झाले, गुणही चांगले मिळाले, आणि तरी कोरी फाइल समोर आली की हात थांबतो, असं लिहिलं आहेस. चौथा कोर्स कोणता करू, हा तुझा प्रश्न. तो मी सांगणार नाही.

वर्गातला प्रोग्रॅम सबमिट झाला की संपतो. त्याला कुणी वेडावाकडा इनपुट देत नाही, सहा महिन्यांनी तो कुणी उघडतही नाही. तू निदान एक प्रोग्रॅम जगवून बघ. लहानच असू दे. फोनच्या यादीतली दुबार नावं शोधणारा चालेल. अट एकच, तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी तो खरोखर वापरला पाहिजे.

मग गंमत सुरू होते. नावं एका रकान्यात बसवायला तू त्यांची लांबी मोजशील. ‘क्षमा’ हे दोन अक्षरांचं नाव, पण पायथॉन ही भाषा म्हणेल ५. युनिकोड, म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत, तिच्या लेखी त्यात क, हलन्त, ष, म आणि काना असे ५ कोड पॉइंट, म्हणजे क्रमांक दिलेली चिन्हं आहेत. यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या फाइलमध्ये त्यांचे १५ बाइट होतात. दोनावर कापलंस तर हाती नुसता ‘क्’ उरेल. ‘स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची रांग’ हे वाक्य मी कित्येक वर्षं बिनदिक्कत मानत होतो.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापर, एकट्याचं काम असलं तरी. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या लायनस टोरवाल्ड्सनेही ते २००५ साली स्वतःची अडचण सोडवायलाच लिहिलं. लिनक्सच्या कामात वापरात असलेलं साधन फुकट मिळणं बंद झालं होतं. कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले बदल, छोटे ठेव. काल चालणारं आज बिघडलं आणि मध्ये १००० कमिट असले, तर गिटची बायसेक्ट ही कमांड निम्मे-निम्मे करत साधारण १० तपासण्यांत दोषी कमिट दाखवते. परीक्षेत लिहिलेला बायनरी सर्च तो हाच.

डेटाबेसला हात लावण्याआधी मात्र माझी फजिती ऐक. पहिल्या नोकरीत अपडेटची, म्हणजे नोंदी बदलायची क्वेरी लिहिताना मी व्हेअर, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ती अट, विसरलो. टेबलातल्या झाडून सगळ्या ओळी बदलल्या. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी त्या दिवसाचं काम गेलंच. तेव्हापासून आधी तीच अट घालून सिलेक्ट, म्हणजे ओळी नुसत्या दाखवणारी क्वेरी, चालवतो, किती ओळी येतात ते बघतो, ट्रान्झॅक्शन उघडतो आणि मगच बदल करतो. आकडा चुकला तर रोलबॅक, म्हणजे त्या ट्रान्झॅक्शनमधले बदल रद्द.

एआयकडून कोड घ्यायचा का, असंही विचारलं आहेस. घे की. फक्त त्यातली प्रत्येक ओळ काय करते हे दुसऱ्याला सांगता येईपर्यंत ती कमिट करू नकोस.

पुढच्या पत्रात तुझ्या प्रोग्रॅमने दिलेला पहिला एरर पाठव, पूर्ण. पायथॉनमध्ये खरी बातमी बहुधा तळाच्या ओळीत असते, आणि घाईत नेमकी तीच कापली जाते.