‘लाईट’ म्हणजे दिवा नव्हे

प्रश्न : आमचे आजोबा लातूरहून पंढरपूरला गेले की ‘बार्शी लाईटनं गेलो’ म्हणायचे. हे ‘लाईट’ काय होतं? कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी आलेली असताना पुढे अडीच फुटी लाईन घालणं ही चूकच नव्हती का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तुमच्या आजोबांचा शब्द बरोबर आहे. बार्शी लाईट रेल्वे हे कंपनीचंच नाव. लाईट म्हणजे हलकी.

मुंबईहून येणारी मोठी लाईन 1860 साली सोलापूरला पोचली, पण बार्शीची कापूसपेठ 34 किलोमीटर बाजूला राहिली. माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीला यायचा. त्या स्टेशनाचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हे हेरलं आणि 1895 मध्ये लंडनला कंपनी काढली. पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवणारा कॅलथ्रॉप तो हाच.

त्याचा हिशेब मला आजही पटतो. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीवर, पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिनाला चाकं जास्त लावायची, म्हणजे वजन वाटलं जातं. मग रूळ मीटरला 15 किलोचे पुरतात (आज मोठ्या लाईनीला 60 किलोचे घालतात), पूल हलके चालतात, वळणं आवळता येतात. खर्च आटोक्यात राहिला म्हणूनच 1897 मध्ये बार्शीला गाडी आली. मोठ्या लाईनीची (ब्रॉडगेजची) वाट पाहत बसलो असतो तर आणखी किती वर्षं बैलगाड्याच चालल्या असत्या! पुढे लाईन 1906 ला पंढरपूर, 1911 ला निजामाच्या मुलखातलं लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. सव्वातीनशे किलोमीटर. 1954 मध्ये ती सरकारने घेतली.

चालत्या गाडीतून उतरायचं, हरभरा उपटायचा आणि परत त्याच गाडीत चढायचं, हा किस्सा लोक हसत सांगतात. मला तो आवडत नाही. बार्शीहून येडशीला चढताना भरलेली गाडी ओढणारं ते इंजिन ज्याने ऐकलंय, तो असं बोलणार नाही. आषाढीला तर दारात लोंबकळणारी माणसं, टपावर माणसं, आणि आत भजन चालू.

खरी किंमत कुर्डुवाडीला मोजली गेली. माझे वडील तिथे ट्रान्सशिपमेंटच्या शेडमध्ये हमाल होते. लातूरकडून शेंगा, डाळ, सरकी आली की पोतं छोट्या वाघिणीतून पाठीवर घ्यायचं, फलाट ओलांडायचा आणि मोठ्या वाघिणीत टाकायचं. मुंबईकडच्या मालाचं तेच, उलट्या दिशेनं. छोट्या आणि मोठ्या लाईनीच्या दोन रुळांमधल्या अंतरातला हा तीन फुटांचा फरक त्यांनी आयुष्यभर पाठीवर वाहिला. रात्री आई त्यांच्या खांद्याला गरम तेल लावायची, तो वास अजून माझ्या नाकात आहे. तेव्हा तुमचा ‘चूक’ हा शब्द मी सहज उडवून लावणार नाही. पण लाईन छोटी घातली यात मला चूक दिसत नाही. इतकी वर्षं ती छोटीच ठेवली, यात दिसते.

लातूरची बाजू 2008 पर्यंत मोठी झाली. जुनी लाईन येडशीहून परस्पर पुढे निघून जायची, धाराशिव बाजूलाच राहायचं. नवी लाईन तिथून वळवून नेली, ते फार बरं झालं. मिरजेची बाजू 2011 मध्ये उरकली.

आता तुमच्याच गावचं सांगतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली : पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. म्हणजे थोडं वळण सोडलं तर आमच्या छोट्या गाडीचीच वाट. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास झाल्या. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच पन्नास टन. चार आसांवर वाटलं तर प्रत्येकी साडेबारा टन, वाघिणीचं वजन वेगळं. पाच टनांच्या लाईनीला हे झेपणारं नव्हतं.

त्यातली एक गाडी मी कुर्डुवाडीच्या फलाटावरून पाहिली. वडिलांची शेड जिथे होती, तिथून ती न थांबता गेली. एकाही माणसाला पाठ द्यावी लागली नाही.