सॉफ्टवेअर आलं, ऑर्डर मात्र लेटच

प्रश्न: मॅनेजमेंटने जाहीर केलं की बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, म्हणजे एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं चालतं ते बघून सुधारणं, हा आता आपल्या स्ट्रॅटेजीचा भाग. सॉफ्टवेअर घेतलं, ट्रेनिंग झालं, प्रत्येक डिपार्टमेंटचे फ्लोचार्टही काढून झाले. सहा महिने झाले तरी ऑर्डर पूर्वीसारखीच लेट जाते, आधी अप्रूव्हल कागदावर अडकायचं आता स्क्रीनवर अडकतं. मी ऑपरेशन्स बघते, आता कुठून सुरुवात करू?

उत्तर: तुमचं काही चुकलेलं नाही हो, क्रम चुकलाय. फ्लोचार्ट डिपार्टमेंटचे काढलेत, पण ऑर्डर तर सेल्स, अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच अशी सगळीकडून फिरत जाते आणि रखडते ती एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, तो भाग कुणाच्याच चार्टमध्ये नसतो.

फोर्डचं उदाहरण मला फार आवडतं. १९८० च्या दशकात नॉर्थ अमेरिकेत त्यांच्या सप्लायरची बिलं भागवणाऱ्या खात्यात ५०० वर माणसं होती, कॉम्प्युटर आणून २० टक्के कमी करू असा बेत होता. मग जपानच्या माझदा या कार कंपनीकडे बघितलं तर तिथे हेच काम ५ जण करत होते! माझदा लहान कंपनी हे धरलं तरी एवढा फरक? शोधल्यावर कळलं की फोर्डमध्ये बहुतेक वेळ पर्चेस ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल हे तीन कागद जुळवण्यात आणि जुळले नाहीत की का जुळत नाहीत हे शोधण्यात जातोय. त्यांनी बिलच काढून टाकलं, माल आला की तिथेच कॉम्प्युटरवर ऑर्डरशी ताडायचा आणि जुळला की पेमेंट. माणसं ७५ टक्के कमी लागली. आहे तेच काम नुसतं कॉम्प्युटरवर चढवलं असतं तर २० टक्क्यांवरच समाधान मानावं लागलं असतं, तुमच्याकडे आत्ता तेच चाललंय.

म्हणून आधी वरच्यांना एकच विचारा, आपण ग्राहकाला नक्की कशावर जिंकायचं ठरवलंय, वेळेवर की किमतीवर? वेळेवर असेल तर ऑर्डर आल्यापासून माल पोचेपर्यंतची एकच प्रोसेस घ्या, बाकीच्या राहू देत. एक खरी ऑर्डर धरा आणि तिच्या मागे स्वतः फिरा, प्रत्येक टेबलावर कधी आली, कधी हलली ते लिहा. मी एका ठिकाणी असं केलं तेव्हा सहीचं काम दोन मिनिटांचं आणि सहीसाठी थांबणं तीन दिवसांचं निघालं, ती सही का लागते हे कुणालाच सांगता येईना.

या प्रोसेसला एक मालक हवा, आणि त्याला डिपार्टमेंटच्या हेडना नाही म्हणायचा अधिकार हवा, इथे बऱ्याच कंपन्या कच खातात. बीपीएमएन, म्हणजे प्रोसेस ठरलेल्या चिन्हांनी काढायची पद्धत, तिची चित्रं वगैरे नंतर, ती पद्धत चांगलीच आहे, २०१३ पासून आयएसओ स्टँडर्डही आहे. पण आधी नको असलेल्या सह्या काढा, मगच उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये घाला.