स्वतः वाजणाऱ्या डिजिटल पियानोसाठी चांगल्या मिडी फाइल्स कुठे मिळतील?

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, कुठली पट्टी कधी आणि किती जोरानं दाबायची याच्या सूचना असतात. फुकटात उतरवलेल्या बहुतेक फाइल्स निर्जीव वाजतात. दोष पियानोचा नाही. त्या फाइल्स कुणीतरी नोटेशन पाहून संगणकात भरलेल्या असतात. प्रत्येक स्वर सारख्याच जोराचा, लय घड्याळासारखी. माणसानं खरोखर वाजवून नोंदवलेल्या फाइल्सच शोधा.

सर्वात आधी गूगलच्या मॅजेंटा गटानं २०१८ साली खुला केलेला 'मॅएस्ट्रो' हा संग्रह उतरवा. आंतरराष्ट्रीय पियानो-ई-स्पर्धेत वादकांनी यामाहाच्या डिस्क्लाव्हिअर या वादन नोंदवणाऱ्या पियानोवर वाजवलेलं सुमारे २०० तासांचं वादन त्यात आहे. किती जोरानं पट्टी दाबली, पेडल कधी आणि किती दाबलं, सगळं नोंदलेलं. त्यातल्या शोपँ या संगीतकाराच्या रचना ऐकून बघा, फरक लगेच कळतो. (परवाना बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे, घरी ऐकायला हरकत नाही.) जुन्या वादकांची आवड असेल तर स्टॅनफर्ड विद्यापीठानं स्कॅन केलेले पियानो रोलही (वादन भोकांच्या रूपात नोंदवलेल्या कागदी गुंडाळ्या) पाहा.

कुठलीही फाइल पारखायची तर ती मिडी एडिटरमध्ये उघडा. सगळ्या स्वरांची व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) ६४ किंवा १०० अशी एकच दिसली, किंवा पेडलची नोंद, म्हणजे 'कंट्रोलर ६४', कुठेच नसली, तर ती सोडून द्या.

आणखी एक, यात बरेच जण अडकतात: काही पियानो फक्त फॉरमॅट ० च्या (सगळं एकाच ट्रॅकमध्ये असलेल्या) मिडी फाइल्स वाचतात. फाइल फॉरमॅट १ ची (अनेक ट्रॅकची) असेल तर आधी बदलून घ्या, पेनड्राइव्हही फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.