दिवसाची लांबी आणि माशांचे कॅल्शियम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

टाकीतला दिवा जितका जास्त वेळ जळेल तितके माशाला कॅल्शियम अधिक मिळते, हा समज अनेक पत्रांतून पुन्हा पुन्हा आल्यामुळे निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माणसाच्या गळ्यात रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या परावटू ग्रंथी असतात, तशा माशांना असतात का?
उत्तर : नाही.

प्रश्न : मग रक्तातील कॅल्शियमचे नियंत्रण कोण करते?
उत्तर : जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मन स्टॅनियस यांनी १८३९ मध्ये वर्णन केलेल्या, मूत्रपिंडालगतच्या पिंडिका (लहान ग्रंथी) स्टॅनिओकॅल्सिन नावाचे संप्रेरक स्रवतात. हे संप्रेरक कल्ल्यांतून आत येणारे कॅल्शियम कमी करते, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तातील कॅल्शियम वाढवते.

प्रश्न : हाडे मजबूत व्हावीत म्हणून टाकीतला दिवा रात्रंदिवस चालू ठेवतो. योग्य आहे का?
उत्तर : अजिबात नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. कॅल्शियम प्रकाशातून नव्हे, तर पाण्यातून आणि आहारातून येते. प्रकाशाचा परिणाम संप्रेरकांवर होतो. माशाच्या मेंदूतील पिनियल ग्रंथी स्वतः प्रकाश ओळखते आणि अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. सोनमाशाच्या खवल्यांवरील प्रयोगांत या मेलाटोनिनने हाड घडवणाऱ्या आणि हाड झिजवणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या पेशींचे काम मंदावल्याचे दिसले आहे. सॅल्मनपालनात हिवाळ्यातील जादा प्रकाशाने लैंगिक परिपक्वता मुद्दाम लांबवली जाते, यावरून दिव्याचे बटण किती खोलवर पोहोचते हे ध्यानात यावे. रात्र हिरावून घेणे म्हणजे माशाचे ऋतुमान बिघडवणे होय. आपल्या माशाच्या जातीला किती तासांचा प्रकाश योग्य, हे मत्स्यरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा आणि तो रोज ठरावीक वेळीच द्या.

प्रश्न : विक्रेत्याने ‘हाडांसाठी’ म्हणून कॅल्शियमची पूड दिली आहे. किती टाकू?
उत्तर : पाण्याचा कठीणपणा (त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) मोजल्याशिवाय चिमूटभरही टाकू नका. पाणी न तपासता एकच पूड सर्वांना विकणे ही निव्वळ विक्रीची युक्ती आहे. मोजमाप घेऊन जाणकारांना दाखवा.

प्रश्न : अंड्यांवर आलेल्या मादीच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलेले आढळले. हा आजार आहे का?
उत्तर : बहुधा नाही. दिवसाची लांबी बदलली की अनेक जातींत प्रजननाचा हंगाम सुरू होतो. तेव्हा इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकामुळे यकृत अंड्यातील बलकाचे पूर्वद्रव्य तयार करते आणि ते कॅल्शियम धरून ठेवत असल्याने एकूण प्रमाण चढते. हेच नरात आढळले, किंवा मासा वाकडा पोहू लागला, तर मात्र आठवडाभर वाट पाहू नका; त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्या आणि सोबत टाकीतील पाण्याचा नमुनाही न्या.