अर्जातील ‘छंद’ ही ओळ आणि आमचे भावजी

आपण विचारले आहे की, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन पहिल्या नोकरीसाठी अर्ज करताना त्यात छंद लिहावेत का, आणि गावच्या मराठी साहित्य संमेलनात केलेले काम लिहिले तर मुलाखत घेणाऱ्या कन्नड अधिकाऱ्याचा गैरसमज होईल का. आपण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले आहात आणि प्रश्न माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे, म्हणून उत्तर लिहीत आहे.

छंद लिहावेत. मात्र ‘वाचन, संगीत, प्रवास’ एवढेच लिहायचे असेल, तर ती ओळ कोरी सोडलेली बरी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवण्याच्या कारखान्यात, मी आता निवड करणाऱ्यांच्या बाजूला बसतो, आणि हे तीन शब्द, बहुधा याच क्रमाने, इतक्या अर्जांत पाहिले आहेत की माझी नजर त्यांवर ठरतच नाही.

हे तीन शब्द १९९६ साली माझ्याही अर्जात होते, पण ते माझे नव्हते. मसुद्यात मी ‘दिवाळीत किल्ले बांधणे’ असे लिहिले होते. बेळगावात दिवाळीचा किल्ला म्हणजे अंगणात चार विटांवर टाकलेले गोणपाट नव्हे. दसरा झाला की गल्लीतील थोराड मुलेसुद्धा कामधंदा सांभाळून माती वाहू लागतात, स्पर्धेचे परीक्षक येऊन जाईपर्यंत घरी जेवायला वेळेवर कोणी येत नाही, आणि राजगडाची संजीवनी माची चुकीच्या दिशेला वळली तर भर गल्लीत वाद होतो. मी त्यात दहा वर्षे घालवली होती. थोरल्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, बँकेत होते आणि घरातील प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जात असे. त्यांनी लाल शाईने ती ओळ खोडली, “चिखलात खेळतो म्हणून कंपनीला कळवणार आहेस काय?” असे विचारले, आणि खडेबाजारात टंकलेखन करून घेतलेल्या तिन्ही प्रतींत ‘वाचन, संगीत, प्रवास’ अवतरले.

मुलाखत घेणारे गृहस्थ कन्नड भाषक होते, पण त्यांचे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होते. त्यांनी ‘संगीत’ या शब्दावर पेन्सिल टेकवून कोणाचे गाणे ऐकता, असे विचारले. सुचेल ते नाव म्हणून मी कुमार गंधर्व म्हणालो. ते मूळचे कुठले, या प्रश्नाला मी ‘देवासचे’ असे ठामपणे सांगितले. ते हसले नाहीत. मी मिरजेला कधी रेल्वेने गेलो आहे का, एवढेच त्यांनी विचारले, आणि मी हो म्हणताच म्हणाले, “मग वाटेत सुळेभावी लागलं असेल. पुढच्या वेळी उतरून बघा.” कुमारांचा जन्म १९२४ साली त्याच सुळेभावीत झाला, देवास ही त्यांची नंतरची वस्ती, हे मला त्यानंतर कळले. आजोळ मिरजेचे असल्याने त्या स्टेशनावरून मी किती वेळा गेलो असेन, याचा हिशेब नाही. ती नोकरी मला मिळाली नाही.

पुढचा अर्ज मी भावजींना न दाखवता हाताने लिहिला आणि किल्ल्याची ओळ परत घातली. या दुसऱ्या ठिकाणी कारखान्याचे व्यवस्थापक ती ओळ वाचून थांबले आणि मातीचा बुरूज उभा कसा राहतो, एवढेच विचारले. मी सांगितले की आमची तांबडी माती एकटी वापरली तर वाळून भुगा होतो, म्हणून बैलहोंगलकडची काळी माती थोडी मिसळावी लागते. ती धरून ठेवते, पण जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. बुरूज सरळ उभा बांधला तर खचतो, त्याला वर निमुळते करत न्यावे लागते. ते उठले आणि मला मोल्डिंगच्या, म्हणजे लोखंड ओतण्यासाठी वाळूचे साचे बनवण्याच्या, शेडमध्ये घेऊन गेले. तिथे ढिगातील काळसर वाळू हातात देऊन मूठ आवळायला सांगितली. मूठ उघडली तर वाळूवर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते आणि तळहाताला काही चिकटले नव्हते. गोळा मधून मोडला तर कडा धारदार निघाल्या. पाणी बरोबर आहे, असे मी म्हणालो. त्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते आणि ती आपल्या काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या मातीच्याच जातीची असते. पाणी साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात. त्याहून जास्त झाले तर ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेने वाफ होऊन कास्टिंगला, म्हणजे ओतून बनलेल्या भागाला, ब्लो होल (वायूमुळे होणारी पोकळ छिद्रे) पडतात. आणि पॅटर्न, म्हणजे ज्याभोवती वाळू ठोकून साचा करतात तो नमुना, साच्यातून कडा न मोडता वर निघावा म्हणून त्यालाही निमुळता उतार द्यावा लागतो, हे सगळे मला त्या दिवशी उभ्या उभ्या समजले. कॉलेजात हेच मी पाठ करून उत्तीर्ण झालो होतो.

सोमवारी मी रुजू झालो. भावजी मात्र आजही, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसले की, “चिखलामुळे नव्हे, नशिबामुळे लागलास” असे ऐकवतात. त्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करतो. त्या महिन्यात कारखान्याला रात्रपाळीसाठी माणूस तातडीने हवा होता. पण त्या जागेसाठी आम्ही सहा जण बाहेर बाकावर बसलो होतो आणि शेडमध्ये मला एकट्यालाच नेले गेले, याचे उत्तर भावजींनी अजून दिलेले नाही.

आता संमेलनाबद्दल. लिहा. ‘मराठी साहित्य संमेलनात सहभाग’ असे मोघम लिहू नका, कारण त्यातून फक्त आपली भाषा कळते आणि ती आपल्या आडनावावरून आधीच कळलेली असते. उचगाव, कडोली, येळ्ळूर येथील संमेलने ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की ग्रंथदिंडीची आखणी, मांडवाचा खर्च आणि जेवणाच्या पंगती कोणीतरी रात्री जागून सांभाळतो. त्यांपैकी आपण नेमके काय सांभाळले, ते लिहा, आणि त्याविषयी चार वाक्ये कन्नडमध्ये बोलायची तयारी ठेवा. मला नाकारणारे आणि घेणारे असे दोघेही अधिकारी कन्नड होते आणि माझ्या मराठीची अडचण दोघांनाही झाली नाही. सर्वच तसे असतील, अशी हमी मी देत नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. सरकारी भरतीच्या छापील किंवा ऑनलाइन अर्जात छंदाला रकाना नसेल तर तो मुद्दाम घुसवू नये, आणि आठ-दहा वर्षांचा अनुभव पदरी पडला की ही ओळ काढून टाकावी. तेव्हा काम विचारले जाते.

गेल्या महिन्यात भाचीचा पहिला अर्ज भावजींनी माझ्याकडे नजरेखालून घालण्यासाठी पाठवला. त्यात ‘वाचन, संगीत, प्रवास’ असे होते. ती पोरगी दर शनिवारी गल्लीतील वीस-पंचवीस मुलांना लेझीम शिकवते. मी ती ओळ लाल शाईने खोडली, लेझीम लिहिले आणि अर्ज परत पाठवला. भावजींनी तो अजून कंपनीकडे जाऊ दिलेला नाही, असे अक्काकडून कळते.